सोळांतले अकरा

धरमतरची डाकेची मोटार अजून आली नव्हती. हैबतीनं महाडच्या शाळेच्या फाटकापासून विहिरीपर्यंत आठवी फेरी मारली.

"हैबतराव, बसा हो जरा," हेडमास्तर खिडकीतून म्हणाले. "तुमच्या येरझारांनी निकाल काही लवकर लागायचा नाही."

"बसतो की, मास्तरसाब," म्हणून तो बसला आणि मास्तरांनी पाठ फिरवताच पुन्हा उठला. बसवेल कसं? आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्याच्या वाडीतनं आजवर कुणी मॅट्रिकला बसलं नव्हतं. चौथी झाली की पोर बैलामागं, नाहीतर मुंबईला गिरणीत. सहदेव पहिलाच. आणि सहदेव घरी राबात भात पेरत बसला होता. "बाबा, तुमीच जावा, माज्यानं नाय व्हायचं," म्हणाला होता.

हेडमास्तर वरून शांत दिसत, पण त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. गेल्या साली चौदांत पाच पास झाले, आणि तपासणीला आलेल्या साहेबानं बुकात लाल शाईचा शेरा मारला. यंदा त्यांनी शहाणपण केलं. चाचणीत जो गडगडला त्याचा फॉर्मच भरला नाही. निवडून निवडून सोळा पाठवले. त्या चाचणीत सहदेव दुसरा आला होता.

"पोरगा डोळे झाकून पास," मास्तरांनी शिमग्यातच सांगून टाकलं होतं.

तेव्हापासून हैबतीचे पाय जमिनीवर नव्हते. चुलतभाऊ मुरारी मुंबईला गोदीच्या ऑफिसात शिपाई होता. त्यानं साहेबाच्या कानावर घालून ठेवलं होतं: पोर पास झालं की पंधरा दिवसांत कारकुनाच्या खुर्चीवर. नापास झालं तर खुर्ची दुसऱ्याची. थोरला पोरगा मालोजी गिरणीत लागला होता, पण तापानं गेला आणि मुंबईहून त्याची ट्रंक तेवढी आली. पण गिरणी वेगळी आणि खुर्ची वेगळी, हे हैबतीनं बायकोला, तुळजाबाईला, शंभरदा समजावलं होतं.

आणि पोरासाठी तुळजाबाईनं तरी काय थोडं केलं? पेपर सुरू झाल्यापासून मंगळवारी पाण्याचा घोट नाही. अनवाणी वाघजाईच्या देवळात जायची आणि पालथ्या मुठीनं डोळे पुसत यायची. सगळी वाडी म्हणायची, आई असावी तर अशी. पोर नापास झालं तर ही बाई हाय खाईल, एवढंच भय हैबतीच्या मनात घर करून होतं.

मोटार आली. मास्तरांनी वर्तमानपत्र जवळजवळ हिसकावून घेतलं, टेबलावर पसरलं आणि नंबरांवरून बोट फिरवायला लागले. ओठ हलत होते. मग एकदम टेबलावर थाप मारली.

"अकरा! सोळांत अकरा! आता मारू दे शेरा साहेबाला!"

फाटकाशी थांबलेल्या पोरांनी एकच गिल्ला केला. कुणी कुणाला उचललं, कुणी पेढ्यांना पळालं. हैबतीही हसला, हात जोडून पुढं झाला.

"आमचा, मास्तरसाब? दोनशे अठ्ठेचाळीस?"

मास्तरांचं बोट परत वर गेलं, खाली आलं. पुन्हा गेलं. "दोनशे सत्तेचाळीस... आणि मग एकदम पन्नास." त्यांनी चष्मा काढला. "असं व्हायला नको होतं हो. चाचणीत दुसरा आलेला पोरगा! पुढच्या साली बसवू त्याला."

"खुर्ची थांबायची नाय, मास्तरसाब," हैबती म्हणाला आणि बाहेर पडला.

वाडीतला मोरू मिठासाठी महाडला आला होता. त्यानं ऐकलं, दोनदा च्च च्च केलं. "चला काका, पोलादपूरची मोटार सुटतेय."

"तू हो म्होरं. मी येतो चालत."

मोटारीत चार ओळखीचे भेटणार, चौघं विचारणार. त्यापेक्षा पाय तुटले तरी बरे. पण कोस दीड कोस चालल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोरूला सांगायचंच राहिलं, घरी बोलू नको म्हणून! तोंडात तीळ भिजेल असा तो गडी नव्हेच. हैबती जवळजवळ पळत सुटला. वाटेत शब्द जुळवत होता. 'थोडक्यात गेला' म्हणावं? की 'मास्तरांनीच चूक केली' म्हणावं? एकही धड जुळेना. माउलीच्या तोंडाकडं बघायचं कसं, हाच एक विचार त्याची पाठ सोडत नव्हता.

दिवेलागणीला तो अंगणात शिरला आणि थबकला. आतून कोंबड्याच्या रश्श्याचा वास येत होता. कपाळाला मळवट भरून तुळजाबाई चुलीपुढं बसली होती. मागच्या पडवीत सहदेव हातपाय धूत होता.

"आलासा? बसा ताटावर," ती म्हणाली. "गुरवाला बोलवून वाघजाईला कोंबडा दिला. नवस फेडला."

हैबतीला मोरूचा राग यावा की कीव, कळेना. भल्या माणसानं दया येऊन खोटं सांगितलेलं दिसत होतं. आणि ही भोळी देवीला कोंबडा देऊन मोकळी झाली होती.

"मोरू काय म्हणाला गो तुला?"

"सांगितलं त्यानं समदं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, घसा खाकरला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते त्यानं पुसलंही नाही.

"तुळजे, मन घट्ट कर जरा. आपलं पोर पास नाय झालं गो. नापास झालं. मुंबईची नोकरी गेली."

तुळजाबाईनं त्याच्या ताटात रस्सा वाढला.

"तेच सांगितलं मोरूनं," ती म्हणाली. "म्हणून तर नवस फेडला."