हातावर चालणारा लूम

लोडशेडिंग सुरू झालं की आमचे नारपोलीतले कापड विणायचे लूम बंद पडतात आणि मी घरी येऊन, डोक्याखाली हात घेऊन, लादीवर आडवा होतो. मग बायकोने गळका नळ दाखवला तरी माझं उत्तर ठरलेलं असतं, "लाईट येऊ दे, मग बघू."

परवा ती वैतागली. "नळ राहू द्या. पोरीच्या गाडीचे सेल संपलेत, तिला काहीतरी खेळायला तरी करून द्या."

हे मात्र मी मनावर घेतलं. पाच वर्षांच्या मृणालीला शेजारी बसवून चपलांच्या खोक्याचा लूम केला. आईस्क्रीमच्या काड्यांची फणी, त्यात रंगीत सूत आणि इकडून तिकडे पळवायला आगपेटीचा धोटा. डिंक लावायचं काम तिचं, भाषण माझं.

"बघ बाळा, याला सेल नको, लाईट नको. आपला हात चालला की लूम चालला." स्वयंपाकघरापर्यंत पोचावं म्हणून हे जरा मोठ्यानेच म्हणालो.

चहा पिऊन बाहेर येतो तर लूम तसाच पडलेला, आणि त्याच्या शेजारी मृणाली लादीवर आडवी. डोक्याखाली हात.

"काय गं, चालवत नाहीस?"

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.



"लाईट येऊ दे पप्पा, मग बघू."