पुस्तकातलं बीपी

वागळे इस्टेटमधल्या नर्सिंग क्लासच्या प्रॅक्टिकलला वॉचमन धोंडीबामामांना पेशंट म्हणून बसवलं होतं. आधीच्या पाचही मुलींनी त्यांचं बीपी एकशेवीस-ऐंशी लिहिलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. दर्शनाने पट्टा फुगवून हवा सोडली, तर काटा एकशेऐंशीवर असतानाच कानात ठोके सुरू झाले, उखळात मुसळ पडावं तसे. तिला आपल्याच कानांचा संशय आला. तिने पुन्हा मोजलं आणि आलं तेच लिहिलं. परीक्षक मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळ्यांना नॉर्मल मिळालं, तुलाच कसं जास्त? नापास व्हायचंय का?" मामा हसले, "लिही गं त्यांच्यासारखं. मला कुठे काय होतंय?" "बीपी वाढलेलं कळतच नाही, मामा," म्हणत तिने स्टेथोस्कोप मॅडमपुढे धरला. मॅडमनी स्वतः मोजलं, तिच्या कागदावर सही केली आणि मामांना हळूच विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या? आत्ताच बोलावून घ्या."