मनातलं उष्टं

कटाची आमटी उकळली, तसं मुक्ताच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं गिळलेला आवंढा आत्यानं नेमका पाहिला.

"मनातल्या मनात चाखलीस ना? गौरीचा नैवेद्य उष्टा केलास, मेले!"

"आत्या, मी बोटसुद्धा लावलं नाही."

"जिभेनं चाखलं काय नि मनानं चाखलं काय, पाप ते पापच."

मुक्ता वरमली. मनात तिनं आमटीच काय, तीन पुरणपोळ्याही तुपात बुडवून हाणल्या होत्या. वर आत्ताच आत्याला दोन शिव्याही घातल्या होत्या. आता सगळा स्वयंपाक पुन्हा करायचा की काय?

बाहेरून नैवेद्यासाठी हाका सुरू झाल्या. आत्या पळी घेऊन आमटीपाशी घुटमळली. मग दार लोटून हळूच म्हणाली, "मुक्ते, मनानं चाखलीच आहेस, तर सांग. मी मीठ घातलंय का गं?"