चौथा कोपरा

"विळा वर धरा. आणखी वर. आणि हसू नका, मावशी," फोटोग्राफर म्हणाला.

मावशी हसत नव्हत्या. उन्हानं तोंड तसं झालं होतं.

कापणीचं यंत्र शेतात शिरायच्या आधी चारही कोपरे हातानं कापून ठेवावे लागत. नाहीतर त्या धुडाला धड वळता येत नसे. बाकी सगळी कापणी यंत्रानं नेली होती, तेवढी मजुरांना उरली होती. कोपऱ्यातला गहू कापेल त्याचा, असं मालकानंच ठरवून दिलं होतं. मावशींनी आणि त्यांच्या नणंदेनं तीन कोपरे सकाळीच उरकले. चौथ्यात फोटोग्राफर उभा होता. यंत्रं आल्यावर मजुरांचं काय झालं, हे तो जगाला दाखवणार होता. पाहुणे सांगतील तसं करा, असं सांगून मालक घरी निघून गेला होता.

"टोपी काढा. तिच्यावर यंत्राची जाहिरात आहे, फोटोत चालणार नाही."

"आणि डोक्यावर ऊन चालेल?" म्हणत मावशींनी टोपी काढली.

"आता यंत्राकडे बघा. आयुष्यभराचं काम हातचं गेलं, असं बघा."

"अजून गेलं नाही ना. एवढा कोपरा कापू द्या, मग हवं तसं बघते."

"कापलात तर तुमच्यामागे पीक कसं दिसणार?"

यावर मावशींकडे उत्तर होतं, पण पाहुण्याला देण्यासारखं नव्हतं.

बांधावर पेंढ्या बांधणारी नणंद म्हणाली, "वहिनी, तुझ्या लग्नातसुद्धा कुणी एवढा वेळ घेतला नव्हता."

"लग्नात तुझ्या भावानं डोळे मिटले होते. तरी तोच फोटो भिंतीवर लावलाय."

तेवढ्यात सूर्यावर ढग आला. फोटोग्राफरनं ढगाकडे असं पाहिलं, की जणू त्यालाही मालकानं सांगून ठेवायला हवं होतं. यंत्र हा कोपरा सोडून बाकीचं रान उरकून जवळ येऊन थांबलं. ड्रायव्हरनं हॉर्न मारला.

"मावशी, कोपरा!"

"मला काय ओरडतोस? यांना सांग!"

"पाच मिनिटं!" फोटोग्राफर हात वर करून म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता.

ढग हलला, पण फोटोग्राफरला आता मावशींचा पदर खटकला. मग विळ्याची निळी मूठ खटकली. लाकडी मुठीचा विळा नाही का, असं तो विचारत होता, तेव्हा ड्रायव्हरचा संयम संपला. त्यानं यंत्र वाकडंतिकडं घातलं, मागं घेतलं, पुन्हा घातलं. फोटोग्राफर उडी मारून बांधावर गेला. सहा हेलपाट्यांत कोपरा साफ झाला आणि तिथला गहू मालकाच्या गव्हात जाऊन पडला.

धूळ खाली बसली. मावशी बाजूला सरकल्या होत्या, पण विळा अजून वरच होता.

"हाच! हाच चेहरा!" फोटोग्राफर ओरडला आणि त्यानं धडाधड फोटो काढले.

मग तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात वाकून पाहू लागला.

"डोळे मिटलेत हो, मावशी. सगळ्यांत. पुन्हा एकदा घेऊ या?"

नणंद घाईनं बांधावरून उतरली आणि तिनं वहिनीच्या हातातला विळा काढून घेतला.