पाळीची काठी

काठी येसूच्या दाराला टेकलेली दिसली आणि अंगणात सडा घालणाऱ्या गिरजेचा हात थांबला. कालची पाळी धाकलूची. धाकलूनंतर तिचं घर, आणि तिच्यानंतर तिच्या दिराचं, येसूचं. धाकलूनं तिचं दार सरळ ओलांडलं होतं.

सुगीत सगळी वाडी शेतात जाते आणि मागे घरं ओस पडतात. मागल्या वर्षी भरदिवसा तीन घरांतली तांब्याची भांडी गेली. सुप्याहून पोलीस येईपर्यंत चोर घाट उतरून गेलेसुद्धा असतील. तेव्हापासून वाडीच्या म्होरक्यानं, तुकाराम बुधवंतानं, ही काठी सुरू केली. सकाळी ज्या दाराला काठी, त्या घरातल्या एकानं दिवसभर वाडी राखायची आणि दुसऱ्या सकाळी काठी पुढच्या दाराला लावायची. कुणी चोरपावलांनी शिरताना दिसला की चौकातला डबा बडवायचा आणि सगळे जमेपर्यंत त्याला तिथल्या दगडावर बसवून ठेवायचं. नवरा, परशू, होता तोवर काठी गिरजेच्या दारालाही लागायची. परशू ऐन पावसाळ्यात तापानं गेला.

ती तशीच येसूच्या अंगणात गेली.

"धाकलू माजं दार इसरला काय रे?"

"मीच सांगितलं त्येला, वैनी," येसू विळ्याला धार लावत म्हणाला. "तुजी पाळी मी करतो. दादा गेला, आता दोन घरं येगळी कशाला धरायची?"

येसू मनाचा वाईट नव्हता. तो खरोखर मायेनं बोलत होता, आणि गिरजेला धसका बसला तो त्या मायेचाच. आज काठीनं घर वगळलं, उद्या बैठकीत वगळतील, आणि पुढच्या पेरणीला परशूचं शेत येसूचंच म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसेल. कुणी काही हिसकावणार नाही. तिचं घर आपोआप पुसलं जाईल.

"चूल माजी येगळी पेटते. पाळीबी येगळीच," ती म्हणाली आणि काठी उचलली.

येसू उठला, पण वाटेवर उभ्या असलेल्या बुधवंतानं हात वर केला. मिशीवरून बोटं फिरवत तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे. आजचा दिस बघू तरी."

माणसं शेताकडे गेली. गिरजेनं वाडीला फेरी घातली, म्हाताऱ्या शांतीआजीला पाणी दिलं, पुन्हा फेरी घातली. ऊन डोक्यावर आलं. बुधवंताच्या परसाकडे वळते तोच कुंपणातून एक माणूस आत शिरताना दिसला. एवढ्या उन्हात कांबळं नाकापर्यंत ओढलेलं, आणि पावलं मांजराची. मागच्या दाराकडे निघाला होता.

तिनं काठी पेलली. मग नजर कुत्र्यावर गेली. परक्या माणसाला थेट नदीपर्यंत पिटाळणारा बुधवंताचा काळू या चोराच्या पायांत घुटमळत होता, शेपूट हलवत होता. गिरजेनं पदर तोंडात धरून हसू दाबलं. परीक्षा घ्यायला निघालेला बुधवंत आपल्याच कुत्र्याला विसरला होता!

क्षणभर वाटलं, हसून सोडून द्यावं. मग ती तडक चौकात गेली. तिथं फणसाला घासलेटचा रिकामा डबा टांगला होता. तिनं तो काठीनं असा बडवला की झाडावरचे कावळे उडाले.

"अगे, मी हाय! मी!" बुधवंत कांबळं फेकून धावत आला.

"बसा त्या दगडावर, मामा. समदी येस्तवर हलायचं न्हाई."

नियम बुधवंतानंच केलेला. तो निमूट बसला.

बाया-बापये विळे घेऊन धापा टाकत आले. दगडावर आपला बुधवंत, आणि समोर काठी आडवी धरून गिरजा. येसूची बायको केशर आधी फिस्सकन हसली, मग सगळ्यांचाच बांध फुटला.

"मला वळखलं न्हाईस व्हय गे?" बुधवंत घाम पुसत म्हणाला.

"वळखलं की. तुमचा काळू शेपूट हलवत हुता."

"मग डबा कशाला बडवलास?"

"डबा वाजवताना वळख बघायची न्हाई, हे तुमीच ठरवलंसा."

बुधवंत मान हलवत हसला. "ठरवलं खरं," म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागला. मग काही आठवून परत बसला आणि गिरजेकडे बघितलं. तिनं मान डोलावली, तेव्हा उठला.

येसू पुढं आला. आता तोही हसत होता. "झालं गे वैनी. हरलो आमी. आण ती काठी, आता म्या बघतो."

गिरजेनं काठी सोडली नाही.

"उद्या सकाळी तुज्या दाराला लावीन, येसू. माज्या घरानंतर तुजं घर."