शर्ट घालून बोलायचं नाही

"आता तरी सांग, तुला हा कर हवाय की नको?" पॅनकेकसाठी ताटली पुढे करत ओपलबाईंनी विचारलं.

व्हर्लिननं तव्यावरचे दोन वाढले. सीडर फ्लॅटच्या अग्निशमन केंद्राचा तो प्रमुख, आणि आज केंद्राच्या आवारात गावाला न्याहारी होती. मंगळवारी मतदान होतं: घरामागे वर्षाला नव्वद डॉलर जादा द्यायचे, की केंद्राला कुलूप घालायचं. गेल्या खेपेला हा कर अवघ्या आठ-दहा मतांनी हुकला होता. कुलूप लागलं तर जवळचा बंब डोंगरापलीकडून पाऊण तासानं येणार, आणि इथल्या लाकडी घरांना जळायला दहा मिनिटं पुरतात. पण गणवेशात, केंद्राच्या आवारात, त्यानं मत मागायचं नाही असा कायदा. फक्त माहिती द्यायची.

"कर लागला तर केंद्र चालू राहील, ओपलबाई. नाही लागला तर बंद होईल. पत्रकात सगळं आहे."

"पत्रक पाठ झालंय माझं. तुझं काय म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही."

"चाळीस वर्षं गावाचं डोकं खाल्लंस, आणि आजच म्हणणं नाही होय!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. असले कायदे करणाऱ्यांची घरं बहुधा दगडाची असतात.

व्हर्लिननं उलथनं आपटलं. ओपलबाईंचा दंड धरून त्यानं त्यांना फाटकाबाहेर नेलं, रस्ता ओलांडला, आणि पशुखाद्याच्या दुकानासमोर, नोव्हेंबरच्या थंडीत, बिल्ल्यासकट शर्ट उतरवला. आत विटका बनियन होता.

"आता मी प्रमुख नाही, कुणी नाही. तुमचा शेजारी व्हर्लिन. हवाय मला तो कर! 'हो' म्हणा, ओपलबाई. हात जोडतो."

ओपलबाईंचा चेहरा उतरला.

"अरे, मी माझं मत कालच टाकलं पोस्टात. 'नको' म्हणून."

"'नको'? तुम्ही?"

"तीनदा विचारलं तुला. तीनदा कागद हातात दिलास. मला वाटलं, थकलास तू. गुडघे गेलेत, काम सोडवत नाही, आणि सांगवतही नाही. म्हटलं, आपणच सुटका करू पोराची."

त्याला ओरडावंसं वाटलं. कुणावर, तेच कळेना. रस्त्यापलीकडून पॅनकेक करपल्याचा वास येत होता.

"परत मागता येतं का रे ते मताचं पाकीट?"

"नाही."

"मग फार वाईट झालं बघ," त्या खाली बघत म्हणाल्या. "आमच्या गोधड्या शिवायच्या बैठकीत सगळ्याजणींना 'नको'साठी मीच पटवलं, पाकिटंही एकदमच टाकली. अकराजणी आहोत आम्ही."