धोंडूचं इंग्रजी

"बोल ना रे, गप का?" सगुणाने धाकट्या भावाला कोपराने ढोसलं. "सांग साहेबाला, संडासाची घाण आमच्या विहिरीत झिरपते. तेच पाणी पिऊन माझी लेक पटकीने गेली म्हणावं."

चाळीच्या विहिरीपाशी आरोग्य खात्याचा गोरा साहेब वही उघडून उभा होता, त्याच्यामागे चाळीचे मालक शेटजी. साऱ्या बायका धोंडूकडे बघत होत्या. अख्ख्या चाळीत इंग्रजी येणारा तो एकटाच. आईमागे सगुणाने त्याला वाढवलं, गिरणीत राबून शिकवलं. जात्यावर बसली की त्याचीच ओवी गायची:

शिकला गं माझा बंधू, बोले साहेबाची बोली,
मुक्या आमच्या जिभेची गाठ त्याने सोडविली.

धोंडू बोलला. चांगलं घडाघडा बोलला. ऐकता ऐकता साहेब हसला. विहिरीत न डोकावताच त्याने वही मिटली आणि तो बग्गीत जाऊन बसला. शेटजींनी धोंडूच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून पेढीवर ये."

बायकांनी गलका केला. "काय म्हणाला गं साहेब? नळ देणार का आपल्याला?"

सगुणा भावासमोर येऊन उभी राहिली.

"सांगितलं आक्का, सगळं सांगितलं," तो मान खाली घालून पुटपुटला.

"माझी पोर मेली, हेही सांगितलंस?"

"हो, तेही."

"मग तो हसला कशाला रे?"